कामाच्या वेळेतले दोन तास

“रविवारी आमचे चाळीस जण तुमच्याकडे येतील. अकरा ते एक. काहीतरी काम काढून ठेवा.”

सेवाभावी संस्था चालवणाऱ्या माणसांना दिवाळीच्या आणि पंधरा ऑगस्टच्या आसपास असे फोन येतात. नाही म्हणवत नाही. पुढे कधीतरी याच माणसांकडून धान्याची पोती येतील, एखाद्या मुलीची फी भरली जाईल, ही आशा असते. मग काम शोधले जाते. गेल्या वर्षी रंगवलेली भिंत यंदा पुन्हा रंगवायला देतात. मुलांना सुटीच्या दिवशी लवकर उठवून, आंघोळी घालून ओळीने बसवतात.

एका कार्यालयाच्या अशाच कार्यक्रमाला मीही पाहुणा म्हणून गेलो होतो. केक कापून झाला आणि कोणीतरी फोन वर धरला. तेवढ्यात सात-आठ वर्षांच्या एका मुलाने, कोणी काही सांगितलेले नसताना, बुटक्या मुलांना हाताला धरून पुढे बसवले आणि उंच मुलांना मागे उभे केले. फोटोची रांग त्याला पाठ झाली होती. परतीच्या गाडीत त्या कार्यालयातले कोणी फारसे बोलले नाही. आपण काही चांगले केले की नाही, हे कोणालाच नीट कळले नव्हते.

हा लेख संगमनेर आणि आसपासच्या गावांत माणसे कामाला ठेवणाऱ्यांसाठी आहे. पतसंस्थेचे व्यवस्थापक, दूध संघातले विभागप्रमुख, महाविद्यालयांचे कार्यालय अधीक्षक, पंचवीस-तीस कामगारांचे छोटे कारखानदार, बाजारपेठेतले मोठे दुकानदार. आपल्या माणसांनी समाजाच्या कामात भाग घ्यावा असे तुम्हाला वाटत असेल, तर दोन गोष्टी आधी करा. संस्थेला काय हवे ते विचारा. आणि त्यासाठी लागणारा वेळ कामाच्या तासांतून द्या. या दोन गोष्टी झाल्या की पुढचे बरेचसे आपोआप जुळते. त्या टाळल्या तर कितीही पैसा ओतला तरी हाती फोटोच राहतात.

दरेवाडीची पद्धत

भागीदारी कशी करावी हे शिकायला लांब जावे लागत नाही. आपल्याच तालुक्यात, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात दरेवाडी आहे. एकेकाळी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे हे गाव. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून १९९० च्या दशकात तिथे काम उभे राहिले. मूळचे स्वित्झर्लंडचे आणि आयुष्याचा मोठा भाग नगर जिल्ह्यात घालवलेले फादर हर्मन बाखर या कार्यक्रमामागे होते. याच कामासाठी १९९३ मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, म्हणजे ‘वॉटर’ ही संस्था स्थापन झाली. पुढे दरेवाडीतच तिचे प्रशिक्षण केंद्र झाले.

या कार्यक्रमाची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाहेरच्या संस्थेने येऊन परस्पर बांध घातले नाहीत. आधी गावाने श्रमदान करून दाखवायचे, मग एका लहान तुकड्यावर काम करून पाहायचे, तिथे दोन्ही बाजूंना एकमेकांचा अंदाज आला की मोठा आराखडा हाती घ्यायचा. आराखडासुद्धा कार्यालयात बसून होत नसे. शेताच्या बांधावर नवरा आणि बायको दोघांनाही उभे करून, इथे काय करायचे आणि झाड कोणते लावायचे, हे विचारले जाई. बाई समोर असल्यामुळे जळणाची, चाऱ्याची, पाण्याच्या खेपांची गोष्ट निघे. एकट्या पुरुषाला विचारले असते तर ती राहून गेली असती.

कामाच्या ठिकाणची भागीदारी अशीच बांधता येते. पहिल्या दिवशी करारावर सह्या आणि मोठा धनादेश नको. तीन महिन्यांचे एक लहान काम घ्या. तुमच्या माणसांना संस्था कळेल, संस्थेला तुमची माणसे कळतील. कोणते काम घ्यायचे हे ठरवताना शिपायापासून रोखपालापर्यंत सर्वांना विचारा. संचालक मंडळाने ठरवून परिपत्रक काढले की लोक सही करतात, येतातही, पण मनाने येत नाहीत. ज्याच्या आईने डायलिसिसच्या फेऱ्या काढल्या आहेत त्याला रुग्णालयातल्या नातेवाइकांसाठी काही करावेसे वाटते. जिचे बालपण ऊसतोडीच्या फडात गेले आहे तिला त्या मुलांची आठवण असते. हे तुम्हाला विचारल्याशिवाय कळणार नाही.

पहिली भेट

संस्थेत पहिल्यांदा जाताना दोघे-तिघेच जा, आणि साध्या कामाच्या दिवशी जा. कार्यक्रमाच्या दिवशी कोणतीही संस्था चांगलीच दिसते. मंगळवारी दुपारी स्वयंपाकघर कसे आहे, धुणे कुठे वाळते, औषधांचे कपाट कोण उघडते, हे पाहा. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली आहे का, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण झालेले हिशेब आहेत का, हे विचारायला संकोच करू नका. चांगल्या संस्था ती कागदपत्रे स्वतःहून पुढे ठेवतात.

मग एकच प्रश्न शांतपणे विचारा: “तुमचा सर्वांत कठीण महिना कोणता?” दिवाळीत फराळ, कपडे, मिठाई सगळे येते. जूनमध्ये वह्या-पुस्तके, गणवेश आणि एसटीचे पास यांचा खर्च एकदम अंगावर पडतो, तेव्हा फोन वाजत नाही. त्या महिन्याभोवती आखलेली मदत संस्थेच्या खरोखर उपयोगी पडते.

आपल्या जिल्ह्यात मोठ्या मनाच्या संस्थांची वाण नाही. अहिल्यानगरचे स्नेहालय १९८९ पासून देहविक्रीत अडकलेल्या स्त्रिया, त्यांची मुले आणि एचआयव्हीबाधित मुलांसाठी काम करते. शिंगवे इथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी उभारलेल्या माउली सेवा प्रतिष्ठानात रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना घर मिळते. पण संगमनेरहून नगरला जाऊन-येऊन दिवस जातो. नेहमीच्या कामासाठी अर्ध्या तासाच्या अंतरावरची संस्था निवडा आणि लांबच्या संस्थेला पैशाची किंवा वस्तूंची मदत करा. अंतर जास्त असले की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात फेऱ्या गळतात. लोकांचा उत्साह कमी पडला असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा एसटीचे वेळापत्रक आडवे आलेले असते.

रविवार मागू नका

रविवार कर्मचाऱ्याचा स्वतःचा असतो. कारकून म्हणून काम करणाऱ्या बाईच्या रविवारी आठवड्याचे धुणे, दळण, मुलांचा अभ्यास आणि सासू-सासऱ्यांचा दवाखाना असतो. तिला रविवारी स्वयंसेवेला बोलावणे म्हणजे तिची एकुलती एक सुटी काढून घेणे. ती येईल, कारण साहेबांनी सांगितले आहे. त्याला सेवा म्हणता येणार नाही.

म्हणून महिन्याला दोन तास, कामाच्या वेळेतले, भरपगारी द्या. चाळीस माणसांचे महिन्याला दोन तास म्हणजे वर्षाला ९६० तास, आठ तासांच्या दिवसाने १२० दिवसांचे काम. एखाद्या लहान संस्थेला वर्षभरात १२० दिवसांचे कुशल हात मिळाले तर तिचे रूप बदलते. सगळे एकदम बाहेर गेले तर खिडकीवर रांग लागेल, म्हणून चार-चारच्या पाळ्या लावा. सहकारी संस्थेत असाल तर संचालक मंडळाच्या बैठकीत तसा ठराव करून घ्या, म्हणजे व्यवस्थापक बदलला तरी काम चालू राहते. ज्याला यायचे नसेल त्याला कारण विचारू नका आणि वार्षिक मूल्यमापनात त्याचा उल्लेखही करू नका.

हात कुशल आहेत, हे मुद्दाम लिहिले. वायरमनला भिंत रंगवायला देऊ नका. त्याला संस्थेचा बंद पडलेला पंप आणि उघड्या पडलेल्या तारा दाखवा. दूध संघातल्या माणसाला शीतसाखळी आणि टँकरची वेळ कळते. पतसंस्थेतल्या माणसाला हिशेब कळतो, आणि लहान संस्थांचे घोडे बहुधा तिथेच अडलेले असते. एका संस्थेत मी पाहिले, वर्षभराच्या पावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कोंबलेल्या होत्या. एका पतसंस्थेतला कारकून महिन्यातून दोनदा, दुपारी तीन ते पाच, तो डबा उघडून बसू लागला. त्याने आधी पावत्या महिन्यांप्रमाणे लावल्या, मग किराणा, औषधे, गॅस, वीज अशा गठ्ठ्यांत बांधल्या. तिसऱ्या महिन्यात गॅसचे एक बिल दोनदा दिले गेल्याचे सापडले. पैसे परत आले तेव्हा संस्थेच्या ताईंनी त्याला पुरणपोळ्यांचा डबा पाठवला. तो डबा कार्यालयात सगळ्यांनी मिळून खाल्ला, आणि पुढच्या महिन्यात आणखी दोघे त्याच्याबरोबर निघाले. माणसे अशी जोडली जातात. परिपत्रकाने हे होत नाही.

संगमनेरला जवळची तीन कामे

पहिले काम क्षयरोग्यांचे. संगमनेर हे बिडीचे जुने गाव. पिढ्यान् पिढ्या बायकांनी घरात तंबाखूच्या भुकटीत बसून बिड्या वळल्या. खोकला अंगावर काढायची सवय इथल्या अनेक घरांत आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये ‘निक्षय मित्र’ ही योजना सुरू केली. त्यात कोणतीही व्यक्ती, कंपनी किंवा सहकारी संस्था उपचार घेणाऱ्या रुग्णांना त्यांच्या संमतीने दरमहा पोषण आहाराचा संच देऊ शकते, किमान सहा महिने. क्षयाचा नेहमीचा उपचारही सहा महिन्यांचाच असतो. झारखंडमध्ये झालेल्या ‘रेशन्स’ नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या घरातल्या माणसांना पुरेसे धान्य आणि डाळ दिल्यावर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले, असे त्यात दिसले. तांदूळ-डाळीच्या पिशवीत एवढी ताकद आहे. दहा जणांच्या गटाला एक-दोन रुग्णांची जबाबदारी सहज पेलते. आधी तालुक्याच्या सरकारी क्षयरोग विभागाशी बोला. रुग्णाचे नाव कार्यालयातल्या गप्पांत येऊ देऊ नका. गावात नाव फुटले की मुलीचे लग्न मोडते, ही भीती खरी आहे.

दुसरे काम ऊसतोड कामगारांच्या मुलांचे, आणि ते माझ्या सर्वांत जवळचे. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून, पाथर्डी-शेवगावकडून टोळ्या येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. पहाटे अंधारात दोघे फडात जातात. झोपडीत, म्हणजे कोपीत, राहते ती आठ-नऊ वर्षांची मुलगी, कडेवर धाकटा भाऊ घेऊन. तिची शाळा गावी राहिलेली असते. छत्रपती संभाजीनगरच्या जनार्थ संस्थेने या शतकाच्या सुरुवातीला साखर कारखान्यांच्या परिसरात या मुलांसाठी साखरशाळा चालवल्या. पुढे मुलांना गावीच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहांवर सरकारने भर दिला. तरीही मुले येतातच, कारण लहानग्यांना सांभाळायला कोणीतरी लागते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाला वर्षात केव्हाही शाळेत प्रवेश मिळतो. पण कोपीपासून शाळेपर्यंत त्या मुलीला नेणार कोण आणि तिच्या भावाला सांभाळणार कोण? इथे कामाच्या ठिकाणांनी पुढे यावे. या मुलांसाठी काम करणारी संस्था शोधा किंवा जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोला. पाळणाघरासाठी एका बाईचा सहा महिन्यांचा पगार, मुलांना शाळेत पोचवणारे एक वाहन, संध्याकाळी तासभर वाचन घेणारी चार-पाच माणसे, एवढ्याने सुरुवात होते. पण तुम्ही हे काम घ्याल तर हंगाम संपेपर्यंत सोडू नका. त्या मुलीला आधीच दोन गावांच्या मधे सोडलेले आहे.

तिसरे काम रक्तदानाचे, आणि ते आपल्याकडे भरपूर होते, फक्त चुकीच्या पद्धतीने. जयंतीला किंवा वाढदिवसाला एकाच दिवशी शेकडो बाटल्या गोळा करायच्या आणि पुढे दोन महिने काहीच नाही. साठवलेल्या रक्ताचे आयुष्य साधारण पाच ते सहा आठवड्यांचे, प्लेटलेट्सचे तर जेमतेम पाच दिवसांचे. मे महिन्यात सुट्या आणि उन्हामुळे दाते मिळत नाहीत, तेव्हाच टंचाई होते. रक्तपेढीला विचारून वर्षाचे वेळापत्रक बनवा आणि दर महिन्याला आठ-दहाच दाते पाठवा. पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये ९० दिवस, स्त्रीला १२० दिवस जाऊ द्यावे लागतात. हिमोग्लोबिन किमान १२.५ हवे. आपल्याकडच्या पुष्कळ बायका इथे परत पाठवल्या जातात आणि हिरमुसून बसतात. त्यांना घरी पाठवू नका, त्यांच्या रक्तक्षयावर उपचार सुरू करून द्या. रक्तदान शिबिराचा हा उपयोग कोणी मोजत नाही, पण मला तो मोठा वाटतो.

झाडे लावण्याविषयी थोडक्यात. भाऊसाहेब थोरात यांच्या पुढाकाराने २००६ मध्ये सुरू झालेल्या दंडकारण्य अभियानामुळे झाडे लावायची सवय तालुक्याला आहे. तुमच्या कार्यालयाने नवी रोपे लावण्याऐवजी आधी लावलेल्यांपैकी शंभर रोपांना मार्चपासून जूनपर्यंत पाणी घालण्याचे काम घेतले तर जास्त उपयोग होईल.

पैशाच्या बाबी

पगारातून दरमहा पन्नास-शंभर रुपये देण्याची योजना चांगली चालते, मात्र प्रत्येकाची लेखी संमती घ्या आणि कधीही बंद करण्याची मुभा द्या. संमतीशिवाय पगाराला हात लावणे कायद्यालाही मान्य नाही. कोण किती देतो याची यादी फलकावर लावू नका. कर्मचाऱ्यांनी जेवढे जमवले तेवढेच मालकाने किंवा संस्थेने घालावे. या एका गोष्टीने लोकांचा विश्वास पटकन बसतो. दोन हजार रुपयांवरची रोख देणगी आयकराच्या सवलतीत बसत नाही, वस्तुरूप देणगीलाही सवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत असलेल्या पगारदाराला देणगीची वजावटच मिळत नाही. हे आधीच सांगा, म्हणजे मार्चमध्ये कुरबुर होणार नाही.

सहकारी संस्थांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६९ प्रमाणे निव्वळ नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंतची रक्कम सार्वजनिक आणि धर्मादाय कामासाठी बाजूला काढता येते, नियमाप्रमाणे मंजुरी घेऊन. मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ लागू होते, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यात कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची किंमत लावून ती खर्चात दाखवता येत नाही. दिलेला वेळ हा वेगळाच राहतो, आणि तो तसाच राहणे बरे.

आपत्तीच्या वेळी घाई होते. सांगली-कोल्हापूरला २०१९ मध्ये पूर आला तेव्हा राज्यभरातून गाड्या भरून निघाल्या. अशा वेळी जुन्या कपड्यांचे ढीग पडतात आणि चिखल काढायला फावडी, फिनेल, झाडू मिळत नाहीत. १९९९ पासून कपड्यांवर काम करणारी गूंज संस्था कपडे भीक म्हणून वाटत नाही. गावाने विहीर साफ केली, रस्ता केला, तर त्याचा मोबदला म्हणून देते. तुमच्या कार्यालयानेही दोन विश्वासू संस्थांची नावे शांत दिवसांत ठरवून ठेवावीत. संकट आले की आधी त्यांना फोन, मग गोळा करायला सुरुवात.

मुलांजवळ जाताना

बालगृहात काम करायचे असेल तर काही गोष्टींत जराही सूट नको. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणे २०१५ च्या बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे चेहरे दिसणारे फोटो नकोत, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरही नकोत. कोणताही पाहुणा मुलाबरोबर एकटा बसणार नाही. “तुझे आईवडील कुठे आहेत?” हा प्रश्न विचारायचा नाही. आणि जो वर्षभर महिन्यातून एकदा येईल त्यालाच मुलांमध्ये पाठवा. बाकीच्यांनी स्वयंपाकघर, हिशेब, दुरुस्ती पाहावी. त्या कामांतही तितकाच आनंद आहे.

वर्षाच्या शेवटी संस्थेच्या माणसांना तुमच्या कार्यालयात बोलावा. भाषणे नकोत. काय उपयोगी पडले, काय अडचणीचे झाले, हे त्यांना तुमच्या कर्मचाऱ्यांसमोर मोकळेपणी सांगू द्या. “तुमची माणसे चार वाजता येतात, ती वेळ आमच्या जेवणाच्या तयारीची असते,” एवढे साधे वाक्य वर्षभर कोणी बोललेले नसते. ते ऐका आणि वेळ बदला. काम जमत नसेल तर दोन महिने आधी सांगून थांबा. अचानक येणे बंद करू नका.

दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होईल आणि रस्त्याकडेला कोप्या उभ्या राहतील. त्याआधी येत्या आठवड्यातला एखादा मंगळवार निवडा, कार्यालयातले दोघे बरोबर घ्या, आणि जवळच्या संस्थेत किंवा शाळेत जाऊन विचारा, तुमचा सर्वांत कठीण महिना कोणता.